इतिहासात पीएच.डी. : विषय घरातल्या रुमालातून काढावा का? (सांगली-सातारा)

येरळाकाठ (विटा)
नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी पुतणी यंदा इतिहास घेऊन एम.ए. झाली. सेटही निघाली. आता पीएच.डी.ला नाव घालायचं म्हणतेय आणि गाईडनी महिनाभरात विषय घेऊन यायला सांगितलंय. तिनं काढलेल्या दोन्ही विषयांवर आधीच इतके प्रबंध झालेत की आपण नवीन काय लिहिणार, हे तिलाही सांगता येईना.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. एकेकाळी मीही नाव घातलं होतं. माझा विषय तीनदा बदलायला लावला आणि चौथ्या वर्षी मी नाव काढून घेतलं. तो सल अजून आहे. पोरीच्या वाट्याला तसं येऊ नये एवढंच वाटतं.

आमच्या आजोळी, आटपाडी तालुक्यात, माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं, आहे. दसऱ्याआधी घर काढताना आजी तो खाली घ्यायची, सोप्यात पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायची आणि दसरा झाला की परत वर. आत काय लिहिलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात मामांनी तो पुतणीच्या हातात दिला. लाल खारव्याचं कापड, आत सत्तर-ऐंशी कागद, बरेचसे लांबट पट्ट्या. पहिला कागद उलगडला तर शाई वाळवायला टाकलेली बारीक वाळू अजून अक्षरांना धरून होती. ती तिच्या बोटांना लागली. पोरगी बराच वेळ बोटांकडंच बघत बसली.

माझं म्हणणं असं की विषय या रुमालातून निघावा. आपल्या भागात ज्यांनी इतिहासाचं काम केलं त्यांना विषय कुणी नेमून दिला नव्हता. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांसमोर पटवर्धनांचं दफ्तर होतं. साताऱ्याच्या पारसनिसांच्या शेजारी ब्रह्मेंद्रस्वामींची धावडशी होती, नाना फडणविसांची मेणवली होती. जवळ जे होतं त्यातूनच त्यांची आवड तयार झाली.

जाणकारांनी सांगावं, हे आजच्या काळात चालेल का? आणि या वाटेनं गेलं तर पुढं पोटापाण्याचं काय?

लेखनसीमा (मिरज)
येरळाकाठ सर, आधी त्या रुमालाला प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. सुती कापडातच राहू द्या. बाकीचं सावकाश.

खऱ्यांचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. माझं सगळं वाचन त्यांच्यापासून सुरू झालं. १८५८ चा जन्म, मूळचे गुहागरचे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. नाटकं लिहिली, महाकाव्य लिहिलं, पण आज नाव आहे ते 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'मुळं. १८९७ साली पहिला खंड आला आणि १९२४ साली ते वारले तोवर बारा खंड झाले होते. सत्तावीस वर्षं. शाळा सांभाळून.

त्या खंडांत नुसती पत्रं छापलेली नाहीत. पत्रांच्या आधी ते त्या काळाची हकीकत लावून देतात. कोण कुठल्या छावणीत होता, पैसा कुठून येणार होता, कुणाचं कुणाशी वाकडं होतं. ते वाचून पत्राकडं गेलं की पत्र बोलायला लागतं. पटवर्धन सरदार पेशव्यांच्या बहुतेक मोहिमांत होते. त्यामुळं मिरजेतल्या एका दफ्तरात पानिपतानंतरच्या चाळीसेक वर्षांचं अख्खं मराठी राजकारण पत्रापत्रातून दिसतं. ज्याला वाटतं की स्थानिक कागद म्हणजे लहान विषय, त्यानं एकदा खऱ्यांचा कुठलाही खंड घेऊन बसावं.

तेव्हा तुमच्या पुतणीनं रुमालातूनच विषय काढावा, याला माझा पूर्ण दुजोरा. फक्त मोडी स्वतः शिकावी. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून आणलं की तो आपल्याला जेवढं दाखवेल तेवढंच दिसतं.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
पारसनिसांबद्दल थोडी भर. दत्तात्रय बळवंत पारसनीस, जन्म १८७०, कॉलेजची पदवी नाही. चोविसाव्या वर्षी झाशीच्या राणीचं चरित्र लिहिलं. पुढं 'इतिहाससंग्रह' मासिक चालवलं. किंकेडसाहेबांबरोबर इंग्रजीत मराठ्यांचा तीन भागांचा इतिहास केला. सांगली संस्थानावर इंग्रजी पुस्तक केलं तेही यांनीच, १९१७ साली. कागद, चित्रं, नकाशे गोळा करण्याची अशी ओढ की त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात इमारत उभी राहिली. १९२६ च्या मार्चमध्ये ते गेले.

आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला.

तिथं तो नीट राहिला, त्यावर चांगलं कामही झालं, हे मान्यच. पण मी साताऱ्यात एम.ए. करत होतो तेव्हा साताऱ्याचा माणूस साताऱ्यातच जमवून गेलेले कागद बघायला पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायचा, दुपारी दोन-तीन तास बसायचा आणि रात्री परत यायचा. महिन्यातून दोनदा जमायचं. विषयाची आवड असून भागत नाही, कागदाजवळ रोज बसता यावं लागतं. खरे रोज बसू शकले. पुतणीला ती सोय घरातच मिळतेय, ती सोडू नका.

अजून एक. आपल्या गावात सर्वात आधी कागद बघून इतिहास कुणी लिहिला, तर ग्रँट डफनं. १८१८ ते १८२२ तो साताऱ्यात रेसिडेंट होता. प्रतापसिंह महाराजांच्या दरबारात उठबस, दफ्तरं हाताशी. १८२६ ला त्याचे तीन खंड लंडनला निघाले. त्याच्याच घराण्याकडून लंडनच्या संग्रहालयात गेलेली वाघनखं जुलै २०२४ पासून साताऱ्यात दाखवायला आणली होती. मी पोरांना घेऊन रांगेत उभा होतो. भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण ती रांग बघताना सारखं वाटत होतं, यातली दहा माणसं तरी एखाद्या दिवशी कागद बघायला येतील का.

तासिकातत्त्व
करिअरबद्दल मी लिहिते, कारण मी त्यातच आहे.

इतिहासात पीएच.डी. आहे, सेट आहे. नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतेय. दर जूनला नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. पगार तासांवर आणि तोही दिवाळीनंतर एकदम. उन्हाळ्यात काहीच नाही. कॉलेजचं नाव घेत नाही, सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच आहे.

काही गोष्टी पुतणीला स्पष्ट माहीत असाव्यात. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. नेट किंवा सेट पुरते, म्हणजे किमान पात्रता तिच्याकडं आजच आहे. पीएच.डी. पुढच्या बढतीला लागते. तेव्हा ती केवळ नोकरीसाठी करत असेल तर नको करू दे. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तींपैकी ज्यात बसत असेल तिथं जाहिरात येताच अर्ज करावा. पहिली दोन-तीन वर्षं त्यावर निघतात.

आणि विषय घरातला असेल तर एक सांभाळावं लागतं. माझा विषय माझ्या आजोळच्या देवस्थानाचा होता. कागदात भावकीला न आवडणारं निघालं तेव्हा मामानं फोन केला, 'हे छापू नकोस.' मी छापलं. दोन वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं. हे तिला आधी सांगून ठेवा.

तरीही विचाराल तर सांगेन, कर म्हणावं. माझ्या आयुष्यातली सर्वात चांगली चार वर्षं तीच होती.

माणदेशी
तासिकातत्त्व ताई, नऊ वर्षं... वाचून गलबललं. तुमचा प्रबंध वाचायला मिळेल का?

खटावकर
मला या सगळ्यात एक खटकतंय, ते मांडतो.

खरे, पारसनीस, इतिहासाचार्य राजवाडे यांच्याबद्दल आदर आहेच. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, वाईत मिळालेल्या कागदांवरचा, तो मीही वाचलाय. पण त्यांना दफ्तरं उघडली ती का? संस्थानिकांशी बोलता येत होतं, वाड्यात बसायला जागा मिळत होती. माझ्या पणज्याला त्या वाड्याच्या ओसरीवर चढता येत नव्हतं. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव आमच्या खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांच्या घरात कुठला रुमाल होता? 'जवळ जे आहे त्यातून विषय' हा सल्ला ज्यांच्या माळ्यावर ट्रंक आहे त्यांनाच लागू पडतो.

आमच्या माणसांचा इतिहास विद्यापीठांनी आणि विद्यापीठातून बाहेर पडलेल्यांनी वर काढला. कोल्हापूरचं विद्यापीठ १९६२ ला झालं, पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, स्वतः इतिहासकार. ताराबाईंच्या काळाची कागदपत्रं त्यांनी छापली आणि त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या जयसिंगराव पवारांनी महाराणी ताराबाईंचं चरित्र उभं केलं. त्याआधी ताराबाई म्हणजे साताऱ्याच्या शाहूमहाराजांच्या वाटेतली अडचण, एवढ्यावरच बरेच जण थांबत होते. गेल ऑम्व्हेट तर अमेरिकेतून आल्या. बर्कलीच्या प्रबंधाला विषय घेतला आपल्याकडच्या सत्यशोधकांचा, ब्राह्मणेतर चळवळीचा. १९७६ ला त्याचं पुस्तक झालं. त्यांच्या घरी कुठलं दफ्तर होतं? पुढं त्या वाळवा तालुक्यात कासेगावलाच राहिल्या आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथंच गेल्या.

म्हणून मी म्हणतो, आधी प्रश्न कुणाचा आहे ते ठरवा, मग कागद शोधा.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
खटावकर, प्रश्नाचं पटलं. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी, त्यांचंच बघा. धावडशी साताऱ्याच्या जवळच. पारसनिसांनी १९०० साली त्यांचं चरित्र लिहिलं ते भक्तिभावानं. राजवाड्यांचा तिसरा खंड त्याच स्वामींच्या पत्रव्यवहाराचा, आणि प्रस्तावनेत त्यांनी स्वामींच्या सावकारीवर कडक लिहिलं. पत्रं त्याच माणसाची, पण विचारणारा बदलला की दिसतं तेही बदलतं.

शेणोली स्टेशन
खटावकरांच्या प्रश्नाला आमच्याकडचं उत्तर म्हणजे इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार. तिथं रुमाल नव्हताच, माणसंच होती. तेव्हा सातारा-सांगली एकच जिल्हा. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, सांगली नाव मिळालं १९६० ला. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, जी. डी. बापू कुंडलचे, नागनाथअण्णा वाळव्याचे. ७ जून १९४३ ला आमच्या शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराची गाडी अडवली. आमच्या घरी ती गोष्ट जेवताना सांगितली जायची.

ए. बी. शिंद्यांचं प्रतिसरकारवरचं इंग्रजी पुस्तक १९९० ला आलं. गेलताईंनीही त्या कार्यकर्त्यांशी बसून बोलून लिहिलं. ज्यांनी तेव्हा गावोगाव जाऊन ऐकून घेतलं त्यांच्यामुळं आज काहीतरी हातात आहे. माझ्या आजोबांचं मी ऐकलं, पण टिपून ठेवलं नाही. कुठल्या रात्री कुठल्या रानात भाकरी पोचवली, कुणाच्या विहिरीत बंदूक लपवली, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. त्याची टोचणी आहे मला.

येरळाकाठ सर, मामा आहेत ना अजून? त्यांना बसवून रेकॉर्डिंग करायला सांगा पुतणीला. रुमाल घरात कसा आला, कुणी जपला, हे कागदात नसणार.

गावभाग (सांगली)
मी इतिहासातला नाही, बँकेत होतो. पण एक सांगावंसं वाटतं.

आमच्या वाड्यात दोन प्रकारचे कागद होते. एक खापरपणजोबांच्या काळचे मोडी. दुसरे आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी त्यातल्याच कागदांची पंधरा वर्षं बसून केलेली बालबोध लिप्यंतरं, फुलस्केप वह्यांत, निळ्या शाईनं. ते वारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी वह्या विश्वासानं आमच्याकडं दिल्या होत्या.

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आम्ही माणसं बाहेर काढली, कागद राहिले. आठव्या दिवशी कपाट उघडलं. चिखलाचा वास, वह्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. पानं सोडवली तर निळा डाग, अक्षर एकही नाही. मोडीचे कागद मात्र तसेच. हातकागद फुगला होता, कडा गेल्या होत्या, पण काजळीची शाई हललेली नव्हती. पंखा लावून, टीपकागदात घालून, उन्हात न नेता आम्ही ते तीन आठवडे वाळवले. बरेचसे वाचले.

त्या सरांची पंधरा वर्षं गेली. नावही कुठं छापलेलं नाही त्यांचं. पुतणीला सांगा, वाचलेलं पेन्सिलनं लिही, त्याच दिवशी फोटो काढ आणि फोटो दोन घरांत ठेव.

लेखनसीमा (मिरज)
गावभाग, ते वाळवलेले कागद मला एकदा बघू द्याल?

खटावकरांना उत्तर द्यायचं राहिलं. तुमचं बरोबर आहे, दफ्तर कुणाच्या हाताचं हे विसरून चालत नाही. लिहिणारा बहुतेक कुलकर्णी, चिटणीस. पण गावच्या कागदांचं वेगळं असतं. गोतसभेचा, म्हणजे गावच्या पंचायतीचा, महजर (निवाड्याचा कागद) हातात घ्या आणि मजकूर वाचायच्या आधी शेवट बघा. साक्षीला सगळं गाव असतं. लिहिता येत नाही म्हणून निशाण्या काढलेल्या असतात. पाटलाचा नांगर, कुंभाराचं चाक, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ज्यांचा इतिहास कागदात नाही असं आपण म्हणतो त्यांनी तिथं स्वतःच्या हातानं काहीतरी काढून ठेवलंय. खऱ्यांच्या खंडात हे मिळणार नाही, ते सरदारांचं दफ्तर. आटपाडीच्या माळ्यावर मिळण्याचा संभव आहे. म्हणून त्या रुमालाबद्दल मला एवढी उत्सुकता.

खटावकर
हे मला माहीत नव्हतं. असा कागद निघाला तर मी आटपाडीला येईन बघायला.

येरळाकाठ (विटा)
सगळ्यांचे मनापासून आभार. तासिकातत्त्व ताईंचा प्रतिसाद मी पुतणीला दोनदा वाचून दाखवला. घरात चर्चा झाली. ती म्हणाली, नोकरीचं मी बघेन, पण हे मला करायचंय.

गेले सोळा दिवस ती संध्याकाळी मोडी घेऊन बसतेय. पुराभिलेख विभागाचा वर्ग लागेल तेव्हा लागेल, तोवर बाराखडीचा तक्ता भिंतीला लावलाय. आणि काल एक कागद लागला. विहिरीच्या पाण्याचा आहे! दोन भावांची एक विहीर, मोटेच्या पाळ्या कशा, कुणाचा दिवस कधी, पाळी चुकली तर काय. सगळं गोतानं बसून ठरवलंय. आटपाडीत पाण्याच्या समान वाटपासाठी नागनाथअण्णा, भारत पाटणकर यांच्याबरोबर आमच्या मामांनी पाणी परिषदा केल्या, मोर्चे काढले. बळिराजा धरणाच्या वेळी बलवडीला जाऊन आले होते. त्यांना हा कागद वाचून दाखवला तर ते उठून बसले. म्हणाले, 'म्हणजे हे आपल्याकडं आधीपास्नं हाय.'

पुतणीनं विषय कच्चा लिहून काढलाय : माणदेशातली पाण्याची पाळी, मोडी कागद आणि मौखिक साधनांच्या आधारे. गाईडना अजून दाखवायचाय. तारखेचं तिनं असं लावलंय : 'छ १२ रमजान, सन सबैन मया व अलफ', म्हणून इ.स. १७६९. बरोबर आहे का?

लेखनसीमा (मिरज)
शाब्बास! विषय उत्तम आहे. तारीख मात्र एका वर्षानं चुकलीय, सगळ्यांची सुरुवातीला चुकते.

सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतली अरबी कालगणना, ११७०. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढं ६००. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. त्या वर्षी रमजान डिसेंबरच्या अगदी शेवटाला लागला, तेव्हा बारावा चंद्र जानेवारीत पडतो. साल १७७०. थोरल्या माधवरावांची कारकीर्द. तिला म्हणावं, साल लावताना आधी महिना बघायचा.

शेवटी निशाण्या आहेत का?

येरळाकाठ (विटा)
१७७० केलं. ती वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवतेय, चूक पुन्हा होऊ नये म्हणून.

निशाण्या नऊ आहेत. नांगर अगदी स्पष्ट. चाक आहे, आरसा आहे. आठ लागल्या असं तिला वाटतंय. नववी लागत नाही. आडवी रेघ आणि तिला खाली दोन बारीक फाटे, शेजारी एक नाव, ते घडीत गेलंय. फोटो टाकलाय.

खटावकर
फोटो मोठा करून बघितला. रेघेच्या डाव्या टोकाला अजून काहीतरी आहे का? की डाग आहे?

लेखनसीमा (मिरज)
फोटोत सांगता येत नाही, घडीची सावली नेमकी तिथंच पडलीय. घडी जबरदस्तीनं उघडू नका, कागद तिथं तुटेल. रविवारी पुतणीला घेऊन मिरजेला या. कागद दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट ठेवून आणा. खटावकर, तुम्हीही या. सकाळी दहानंतर खिडकीत चांगला उजेड असतो.